ब्रॅकिओनस : एका सूक्ष्म जलचराची ओळख व वर्गीकरण

(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परिसराचा अभ्यास शिकविताना वर्गीकरणाचा पाठ प्रत्येक शिक्षकास घ्यावाच लागतो. पंख असतील तो पक्षी, पाण्यात पोहतो तो मासा, अशा सोप्या सूत्रांनी त्या पाठाचा आरंभ होतो. परंतु थोड्याच वेळात एखादा चौकस मुलगा उभा राहून विचारतो, “गुरुजी, वटवाघूळ उडते, मग ते पक्षी का नव्हे?” या प्रश्नात वर्गीकरणशास्त्राचे सारे मर्म साठविलेले आहे. प्राण्याच्या अंगावर खुणा पुष्कळ असतात. त्यांतील कोणत्या खुणेवर विसंबावे आणि कोणती फसवी समजावी, हे ठरविणे हेच वर्गीकरणाचे खरे काम होय. वटवाघळाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. आजच्या विवेचनासाठी मात्र गावतळ्याच्या पाण्यात आढळणारा, पण नुसत्या डोळ्यांना स्पष्ट न दिसणारा एक प्राणी निवडला आहे. त्याचे शास्त्रीय नाव ब्रॅकिओनस. फसव्या खुणेने विद्वानांचीही कशी दिशाभूल होते आणि ती चूक शास्त्राने कशी सुधारली, याचा या एवढ्याशा जिवाइतका बोधप्रद दाखला क्वचितच सापडेल.

ब्रॅकिओनस हा ‘रोटिफेर’ या प्राणिसंघातील एक वंश आहे. रोटिफेर या शब्दाचा अर्थ चाक धारण करणारा. या प्राण्याच्या डोक्यावर अतिसूक्ष्म, केसांसारख्या तंतूंचे वलय असते. हे तंतू लयीने एकामागून एक हलू लागले, म्हणजे डोक्यावर चाक फिरत असल्याचा भास होतो. वस्तुतः तेथे काहीच गरगर फिरत नाही. शेतातील उभ्या पिकावरून वाऱ्याची लाट जावी, तशी हालचालीची लाट त्या तंतूंवरून जाते. याच तंतूंच्या योगे प्राणी पोहतो आणि पाण्याचा प्रवाह निर्माण करून शेवाळाचे कण व जिवाणू तोंडाकडे ओढून घेतो.

ब्रॅकिओनसची लांबी जातीपरत्वे साधारणतः मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून चार-दशांशापर्यंत असते. एवढ्या लहान शरीरात जबडे, जठर, मेंदू, अंडाशय आणि एक तांबडा नेत्रबिंदू अशी सर्व व्यवस्था असते. अमीबाप्रमाणे हा एकपेशीय जीव नव्हे. सुमारे एक हजार पेशींचा तो पूर्ण प्राणी आहे. हॉलंडमधील अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी १७०२ साली छपराच्या पन्हळीतील वाळलेल्या गाळात पाणी घालताच याच संघातील काही जीव पुन्हा चालू-फिरू लागल्याचे पाहून लिहून ठेवले. पुढे १७६६ साली पीटर सायमन पॅलास यांनी ब्रॅकिओनस हे वंशनाम योजिले. आज साऱ्या रोटिफेर संघात सुमारे दोन हजार जाती गणल्या जातात. भारतातील जातींसंबंधीही जुने लेखन उपलब्ध आहे. एच. एच. अँडरसन यांचा भारतीय रोटिफेरांवरील लेख १८८९ साली कलकत्त्याच्या बंगाल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला; ब्रॅकिओनस वंशातील ‘बायडेंटाटस’ ही जाती त्यांनीच त्या साली वर्णिली.

आता या वंशाची ओळख कशी पटवावी, ते क्रमाने पाहू. पहिली खूण कवचाची. अनेक रोटिफेरांचे शरीर मऊ असते. ब्रॅकिओनसच्या धडाभोवती मात्र पारदर्शक, टणक कवच असते. पाठीकडून ते किंचित फुगीर व पोटाकडून सपाट असून त्याचा एकंदर आकार पाण्याच्या लहान घागरीसारखा दिसतो. दुसरी खूण कवचाच्या पुढील काठावरची. पाठीच्या बाजूने या काठावर दोन, चार किंवा सहा काटे असतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण पायाची. कवचाच्या मागील बाजूस असलेल्या छिद्रातून एक लांब, गांडुळासारखा वळ्यावळ्यांचा पाय बाहेर येतो. त्याच्या टोकास दोन लहान बोटे असतात. प्राणी हा पाय वाटेल तसा वळवितो व प्रसंगी पूर्णपणे आत ओढून घेतो.

ही तिसरी खूण महत्त्वाची म्हणण्याचे कारण असे की, तिच्यामुळे जवळच्या नातलगांपासून ब्रॅकिओनस वेगळा काढता येतो. केराटेला या वंशातील प्राण्यांनाही कवच असते व पुढे सहा काटे असतात. परंतु त्यांना पाय मुळीच नसतो आणि पाठीवर फरशी बसविल्यासारखी चौकटींची नक्षी असते. नोथोल्का वंशातही पाय नाही. तेथे कवचावर उभ्या रेघा दिसतात. प्लॅटियास या वंशात पाय असतो, पण तो सांधे असलेला, ताठर असतो; तो कवचात ओढून घेता येत नाही. सारांश, पाय आहे की नाही, असल्यास वळ्यांचा की सांध्यांचा, आणि आत जाणारा की न जाणारा, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी वंशाचा निर्णय बव्हंशी होतो.

येथेच पहिली सावधगिरी सांगणे अवश्य आहे. तळ्याचे पाणी आणल्याबरोबर त्यात फॉर्मालिन टाकले, तर प्राणी दचकून डोके व पाय दोन्ही कवचात ओढून घेतो आणि त्याच स्थितीत मरतो. असा नमुना पाहणारा नवशिका “याला पाय नाही” असे लिहून ब्रॅकिओनसला केराटेलाच्या पंक्तीत बसवितो. दोष डोळ्यांचा नसून घाईचा असतो. म्हणून प्रथम प्राणी जिवंत पाहावा. तो फार चपळ असल्यास पाण्याच्या थेंबात सोडावॉटरचा लहानसा थेंब मिसळावा. त्यातील कार्बन डायऑक्साइडने तो सुस्तावतो व नीट न्याहाळता येतो. मेलेलाच नमुना हाती असेल, तर कवचाच्या मागील बाजूस पायाचे छिद्र आहे किंवा नाही, ते शोधावे. पाय दिसत नसला, तरी त्याचे दार दिसते.

वंश ठरला म्हणजे जातीकडे वळावे. जाती ओळखताना प्रथम पुढच्या काठावरील काटे मोजावेत. ‘अँग्युलॅरिस’ या जातीत मध्यभागी दोनच आखूड काटे स्पष्ट दिसतात. ‘कॅलिसिफ्लोरस’ जातीत चार काटे असतात. फुलाच्या बाह्यकोशासारखा आकार म्हणून हे नाव. ‘क्वाड्रिडेंटाटस’मध्ये सहा असतात व त्यांतील मधले दोन लांब असून बाहेर वळलेले असतात. ‘फाल्कॅटस’मध्येही सहाच असतात, परंतु तेथे मधल्यांच्या शेजारची जोडी फार लांब असते व मागील दोन काटे विळ्यासारखे वाकलेले असतात. ‘डायव्हर्सिकॉर्निस’ जातीचे मागील दोन काटे सारख्या लांबीचे नसतात, यावरून ती चटकन ओळखू येते. ‘रूबेन्स’ ही जाती डॅफ्निया नामक पाणपिसूच्या अंगावर चिकटून प्रवास करताना आढळते. ‘प्लिकॅटिलिस’ मात्र खाऱ्या व मचूळ पाण्यात राहते.

इतके ऐकल्यावर कोणासही वाटेल की, काटे मोजले व मापले म्हणजे काम संपले. एकोणिसाव्या शतकातील अनेक विद्वानांस असेच वाटले. कॅलिसिफ्लोरस जातीचे काही प्राणी मागच्या बाजूस अगदी गुळगुळीत असतात, तर काहींना तेथे दोन लांब काटे असतात. सूक्ष्म जीवांचे थोर जर्मन अभ्यासक क्रिस्टियन गॉटफ्रीड एहरेनबर्ग यांनी अशा निरनिराळ्या रूपांस ‘पाला’ व ‘अँफिसेरॉस’ अशी निरनिराळी जातिनामे दिली. एहरेनबर्ग हे निष्काळजी निरीक्षक नव्हते. त्यांच्या आकृत्या आजही आदराने पाहिल्या जातात. जे दिसले ते त्यांनी बरोबर पाहिले व बरोबर काढले; परंतु ज्या खुणेवर त्यांनी भिस्त ठेवली, ती खूणच स्थिर नव्हती. आज ही दोन्ही नावे कॅलिसिफ्लोरसच्या नावात विलीन झाली आहेत.

ती खूण अस्थिर का, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. रोटिफेरांमध्येच अ‍ॅस्प्लांक्ना नावाचा एक मोठा, मऊ शरीराचा शिकारी वंश आहे. तो ब्रॅकिओनसला सबंध गिळतो. १९५२ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पॉल द बोशां यांनी दाखवून दिले की, अ‍ॅस्प्लांक्ना ज्या पाण्यात राहिला, त्या पाण्यात वाढलेल्या ब्रॅकिओनसच्या संततीस मागे लांब काटे फुटतात. शिकारी समोर नसला तरी चालते. त्याने पाण्यात सोडलेले द्रव्य पुरेसे होते. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन गिल्बर्ट यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या क्रियेचा अधिक खोल शोध घेतला.

या क्रियेचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आईच्या अंगावर नवे काटे उगवत नाहीत, कारण तिचे कवच आधीच घडलेले असते. तिच्या अंड्यातील गर्भावर त्या द्रव्याचा परिणाम होतो व जन्मणारी पिले काटेरी निघतात. हे काटे नुसते शोभेचे नव्हेत. शिकाऱ्याचा स्पर्श होताच प्राणी डोके आत ओढतो. त्याबरोबर शरीरातील द्रवाचा दाब वाढून मागील काटे बाजूंना ताणले जातात. अशा रुंदावलेल्या भक्ष्यास गिळणे शिकाऱ्यास कठीण पडते. थंडी व अन्नाची टंचाई यांमुळेही हे काटे काही प्रमाणात वाढलेले आढळतात. तात्पर्य, गुळगुळीत आई आणि काटेरी लेक या एकाच जातीच्या असतात. ज्यांना दोन जाती समजण्यात आले, ती प्रत्यक्षात मायलेकींची जोडी होती.

वरील हकिकतीचे महत्त्व समजण्यासाठी या प्राण्याच्या वंशवृद्धीची रीतही पाहिली पाहिजे. बहुतेक काळ तळ्यात केवळ माद्याच असतात. त्या नराशिवाय अंडी घालतात व त्यांतून पुन्हा माद्याच निपजतात. अंडी आईच्या पायाजवळ चिकटलेली दिसतात. परिस्थिती पालटली, जसे की गर्दी वाढली, म्हणजे काही माद्यांच्या अंड्यांतून नर जन्मतात. नर आकाराने फार लहान असतो व त्यास कार्यक्षम पचनसंस्था नसते. नर-मादीच्या संयोगातून जाड सालीचे सुप्त अंडे तयार होते. तळे आटून तळ भेगाळला, तरी ही अंडी गाळात टिकून राहतात व पुढे पाणी आले की त्यांतून नवी पिढी बाहेर पडते. यामुळे एकाच तळ्यातील प्राणी निरनिराळ्या महिन्यांत निरनिराळ्या रूपांत दिसू शकतात. एका दिवशीच्या एका थेंबावरून त्या तळ्याविषयी ठाम विधान करणे म्हणूनच धोक्याचे होय.

या वंशातील नावांचा पसारा आवरण्याचे मोठे काम ई. एच. आल्स्ट्रॉम यांनी केले. १९४० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या प्रकाशनात त्यांनी ब्रॅकिओनस व प्लॅटियास या दोन वंशांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. पुष्कळ नमुने एकत्र मांडून कोणता फरक जातीचा व कोणता केवळ रूपाचा, याचा विचार करण्याची शिस्त अशा कामांनी घालून दिली.

परंतु हकिकत येथे संपत नाही. तिला उलट बाजूही आहे. कॅलिसिफ्लोरसच्या बाबतीत एका जातीस दोन नावे मिळाली होती. प्लिकॅटिलिसच्या बाबतीत अनेक जाती एकाच नावाखाली दडून राहिल्या. मत्स्यबीज केंद्रांत समुद्री मासे व कोळंबी यांच्या कोवळ्या पिलांना पहिला जिवंत आहार म्हणून प्लिकॅटिलिस दिला जातो. जपानमध्ये १९६० च्या दशकात या पद्धतीस चालना मिळाली व पुढे ती जगभर पसरली. तेथे काम करणाऱ्यांस लौकरच आढळले की, या प्राण्याचे ‘मोठा’ व ‘लहान’ असे दोन प्रकार आहेत. मोठ्याचे कवच साधारण ०.१३ ते ०.३४ मिलिमीटर, तर लहानाचे ०.१० ते ०.२१ मिलिमीटर भरते. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या पिलाचे तोंड लहान, त्याच्यापुढे मोठा प्रकार टाकला तर ते भरल्या ताटापुढे उपाशी मरते. नाव अचूक नसल्याची किंमत अशी मोजावी लागते.

१९९५ साली लहान प्रकारास ‘रोटुंडिफॉर्मिस’ ही स्वतंत्र जाती मानण्यात आले. पुढे आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, तपासणी सुरू झाली आणि २०१७ साली छापल्या गेलेल्या एका विस्तृत अभ्यासात प्लिकॅटिलिस या एका नावाखाली १५ जातींचा समूह असल्याचे मांडण्यात आले. कॅलिसिफ्लोरसचीही अशीच फेरतपासणी होऊन २०१८ साली तिच्या चार जाती वर्णिल्या गेल्या. येथील एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून ध्यानात घ्यावी. डीएनएने भेद दाखविल्यावर संशोधकांनी कवच व काटे यांची मापे पुन्हा घेतली, तेव्हा पूर्वी दृष्टीतून निसटलेले भेद तेथेही आढळले. नव्या साधनाने जुन्या निरीक्षणाची किंमत कमी झाली नाही. कोठे निरखून पाहावे, हे त्याने दाखविले.

या सर्व इतिहासातून ओळख पटविण्याचे काही नियम निघतात. पहिला, एका खुणेवरून निर्णय देऊ नये. पुढचा काठ, पायाचे छिद्र, कवचाचा आकार व मागील काटे यांचा एकत्रित विचार करावा. दुसरा, एका नमुन्यावर थांबू नये. निदान आठ-दहा प्राणी पाहावेत. तिसरा, परिस्थितीने बदलणारी खूण व स्थिर खूण यांत भेद करावा. पुढच्या काट्यांची संख्या पुष्कळशी स्थिर असते, मागील काट्यांची लांबी तशी नसते. चौथा, तज्ज्ञ लोक जबड्यांचे कठीण भाग वेगळे काढून पाहतात, कारण ते कवचाप्रमाणे आक्रसत नाहीत. ज्यांच्याजवळ हे साधन नाही, त्यांनी जातीचे नाव सांगण्याचा हट्ट न धरता “ब्रॅकिओनस, जाती अनिश्चित” असे लिहावे. असे लिहिण्यात कमीपणा नाही. पाचवा, तारीख, ठिकाण व पाण्याची स्थिती यांची नोंद आकृतीच्या शेजारी असलीच पाहिजे.

आता प्राथमिक शाळेचा विचार करावयाचा. सूक्ष्मदर्शक सर्व शाळांत नाही, हे खरे. परंतु जवळच्या माध्यमिक शाळेतून तो एका दिवसापुरता मागून आणता येतो, किंवा २०१४ साली जगापुढे आलेल्या ‘फोल्डस्कोप’ या कागदी घडीच्या सूक्ष्मदर्शकाचाही उपयोग होतो. दाट विणीच्या कापडाच्या पिशवीतून तळ्याचे पाच-दहा बादल्या पाणी गाळावे व पिशवीच्या तळाशी उरलेले पाणी बाटलीत घ्यावे. पाणी आणण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे. मुलांना एकटे तळ्यावर पाठवू नये. सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर थेट सूर्यप्रकाश घेऊ नये.

अशा एका वर्गाची कल्पना करावी. फळ्यावर शिक्षकाने ब्रॅकिओनसची सुबक आकृती काढली आहे. पुढे चार काटे, मागे दोन. सातवीतील एक मुलगी भिंगातून बराच वेळ पाहते व वहीत आकृती काढते. तिच्या आकृतीत पुढे चार काटे आहेत, मागे एकही नाही. शिक्षकाच्या हातातील लाल पेन्सिल पुढे सरसावते. फळ्यावर दोन काटे, वहीत शून्य, म्हणजे चूक. त्या क्षणी पेन्सिल चालली, तर ती मुलगी एक गोष्ट कायमची शिकेल: डोळ्यांनी दिसते ते खरे नव्हे, फळ्यावर असते ते खरे. त्यानंतर ती भिंगातून पाहील, पण आकृती फळ्यावरून उतरवील. तिला गुण पूर्ण मिळतील आणि तिचे निरीक्षण संपलेले असेल.

तोच शिक्षक जर पेन्सिल खाली ठेवून स्वतः भिंगास डोळा लावील, तर त्यास दिसेल की मुलीचे म्हणणे खरे आहे. तिच्या थेंबातील प्राण्याला मागे काटे नाहीतच. मग “इतरांच्या थेंबात काय दिसते?” असा प्रश्न वर्गापुढे टाकता येईल. कोणाच्या वहीत काटेरी रूप येईल, कोणाच्या गुळगुळीत. फळ्यावर दोन रकाने आखून संख्या मांडल्या जातील. महिन्याने पुन्हा पाणी आणून तीच मोजणी केली जाईल. द बोशां यांनी जो प्रश्न हाती घेतला, त्याच प्रश्नाच्या उंबरठ्यावर खेड्यातील तो वर्ग येऊन उभा राहील. मुलीच्या वहीत लाल रेघेऐवजी तारीख, तळ्याचे नाव व “काटे नाहीत, पुन्हा पाहणे” एवढी नोंद असेल.

आकृती तपासताना शिक्षकाने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. फळ्यावरच्या आकृतीशी वहीतील आकृती जुळते काय, हा एक. आणि भिंगाखालच्या प्राण्याशी ती जुळते काय, हा दुसरा. विज्ञानाच्या तासाला दुसऱ्या प्रश्नाचा मान पहिला. जेथे मुलाने खरोखर न पाहता काढले असेल, तेथे त्यास पुन्हा पाहावयास सांगावे. जेथे पाहून काढले असेल, तेथे ते पाठ्यपुस्तकाहून वेगळे असले तरी पुसू नये.

येत्या सत्रात प्रत्येक केंद्रातील निदान एका शाळेने जवळच्या तळ्याच्या पाण्याची अशी मासिक नोंदवही सुरू करावी. तीत जातींची लांबलचक यादी नसली तरी चालेल. तारीख, ठिकाण, पाहिलेल्या प्राण्यांची संख्या, त्यांतील काटेरी किती व गुळगुळीत किती, आणि आकृती काढणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव, एवढे असले म्हणजे पुरे. आकृती मुलांच्याच हातची असावी व ती शिक्षकाने ‘सुधारून’ पुन्हा काढू नये. पुढील संमेलनात या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे कोणत्या तळ्यात काय दिसले, ते सर्वांस पाहता येईल.